सोलापूर-पुणे गाडीत पोरं किरकिर करतात? खेळणी घ्यायच्या आधी हे तपासा

सोलापूर ते हडपसर, महिन्यातून एकदा तरी, कधी दोनदा. सासुरवाडी तिकडं आहे त्यामुळे सुटका नाही. थोरली आता सात वर्षांची, बारकं साडेतीनचं. अंतर अडीचशे किलोमीटर, एकटा असलो की साडेचार तासात पोचतो, पोरं असली की सहा धरायचे. हा एकच बिघाड इतक्यांदा दुरुस्त केलाय की आता शेजारचे, ऑफिसातले, मावसभाऊ सगळे निघायच्या आदल्या रात्री मलाच फोन करतात, काय बे, पोरांसाठी गाडीत काय घेऊ? प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यांना खेळण्यांची यादी पाहिजे असते. पण बहुतेक वेळा पोराला कंटाळा आलेलाच नसतो. ऊन लागत असतं, शू लागलेली असते, पट्टा टोचत असतो, मळमळत असतं. साडेतीन वर्षांच्या पोराकडं एकच हॉर्न आहे आणि सगळ्याला तो तोच वाजवतो, आणि आपण ऐकून म्हणतो बोअर झालंय, दे त्याला मोबाईल. म्हणून खाली खेळांचा नंबर बराच शेवटी आहे, आधी फुकटातले चेक.

लक्षणं

- मोहोळ यायच्या आत "कधी पोचणार" सुरू, मग दर पाच मिनिटांनी.
- खेळणं दिलं की खाली टाकणार, उचलून दिलं की परत टाकणार.
- पाठ कमानीसारखी ताणून सीटमधून निसटायची धडपड.
- "पप्पा ही माझ्याकडं बघायलीय." फक्त बघायलीय, बाकी काही नाही.
- दर ट्रिपला त्याच टप्प्यात, साधारण त्याच वेळेला रडणं.
- एकदम गप्प होणं. आपण खूश होतो, झोपलं वाटतं. याच्याबद्दल खाली लिहिलंय, हे सगळ्यात महागात पडतं.

रडारड झाली की कुठं, किती वाजता, कोण, कुठल्या बाजूला बसलेलं, एवढं बायकोला मोबाईलमध्ये टिपून ठेवायला सांगा. दोन-तीन ट्रिपांत पॅटर्न दिसतो. आमचा पहिला बिघाड तसाच सापडला, आणि तिथूनच सुरुवात करतो.

१. ऊन (खर्च शून्य)

गड्ड्याच्या यात्रेनंतरची गोष्ट, जानेवारी संपत आलेला. तीन ट्रिपा लागोपाठ बारकं वरवड्याच्या टोलच्या आसपास भोकाड पसरायचं. पहिल्यांदा बिस्कीट दिलं, दुसऱ्यांदा मोबाईल, तिसऱ्यांदा मी वैतागून म्हणलं, का रडायलास बे, नीट सांग की. ते काय सांगणार. टिपलेलं बघितलं तर तिन्ही वेळा दुपारी तीन-साडेतीन, तिन्ही वेळा डावी खिडकी. गाडी पंपावर घेतली, त्याच्या पट्ट्याच्या बक्कलला बोट लावलं आणि मी स्वतः हात मागं घेतला. त्या लोखंडी जिभेवर गेली वीस मिनिटं ऊन पडत होतं आणि ती बरोबर त्याच्या मांडीच्या आतल्या बाजूला टेकत होती, चड्डी वर सरकलेली, तिथं लालबुंद वळ.

आता यातलं लॉजिक. सोलापूरहून पुण्याला जाताना रस्ता एकंदर पश्चिमेकडं, थोडा उत्तरेला कलून जातो. म्हणजे आपली डावी बाजू दक्षिणेकडं. थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो त्यामुळे दुपारभर डाव्या खिडकीतून आत ऊन. उन्हाळ्यात दुपारनंतर ते समोरच्या काचेतून येतं, तेव्हा मागं बसलेल्यांना थोडं बरं, ड्रायव्हरचे हाल. येताना सगळं उलटं, दुपारचं ऊन उजवीकडनं. म्हणून लहान पोराचं सीट दुपारी निघणार असाल तर जाताना उजवीकडं आणि येताना डावीकडं. फक्त उजवीकडं बसवलं तरी उतरवायचं डाव्याच दाराने, उजवीकडं ट्रॅफिक असतं, हे घरात सगळ्यांना पाठ करून ठेवा.

सीट बदलायला जमत नसेल तर सोलापुरी टॉवेल. काच चार बोटं खाली, टॉवेलची कड बाहेर टाकायची, काच वर. झाला पडदा. चाळीस रुपयाची जाळीची शेड मिळते पण ती चिकटत नाही, टॉवेल हलत नाही. फक्त मागच्याच खिडकीला लावा, पुढच्या नको, आरसा दिसायला पाहिजे. आणि गाडी उन्हात लावून जेवायला गेलात तर सीटवर आणि बक्कलवर टॉवेल झाकून जा. पोराला मात्र दोन मिनिटं सुद्धा बंद गाडीत ठेवू नका, उन्हात बंद गाडीचं तापमान दहाच मिनिटांत दहाएक अंशांनी चढतं, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बाहेरच बेचाळीस असतं.

२. शू

"शू आली का?" याचं उत्तर कायम "नाही". टोल सोडून चार किलोमीटर गेलं की "आली". विचारायचंच नाही, उतरवायचं. आमचा नियम, टोल आला की गाडी बाजूला, सगळे खाली. टोलवर बाथरूम असतं, स्वच्छ असेलच असं नाही, पण असतं. डायपरवालं पोर असेल तर बघा, भरलेल्या डायपरवर पट्टा आवळला की कुणीही रडेल.

३. कपडे आणि पट्टा

लग्नाला निघालो होतो, थोरलीला घरूनच जरीचं परकर-पोलकं घातलं, फोटो छान येतात म्हणून. मोहोळपर्यंत फोटो छान आले. त्यानंतर काखेत जर टोचायला लागली आणि तिनं भिगवणपर्यंत सगळ्यांचं लग्न लावलं. तेव्हापासून गाडीत जुना सुती बनियन-चड्डी, लग्नाचे कपडे शेवटच्या थांब्याला. बूट-मोजे सुद्धा काढून टाका, मोज्याचं इलॅस्टिक दोन तासात करकचतं. पट्ट्याला पीळ पडलाय का बघा, खांद्यावर बोट सरकवा, एक बोट जाईल एवढाच ढिला पाहिजे.

पण पट्टा टोचतोय म्हणून काढून मांडीवर घ्यायचं, हे दुरुस्तीत बसत नाही. आमच्या आईशी यावरून प्रत्येक ट्रिपला होतं, "तुम्ही भावंडं मांडीवरच मोठी झाला की". झालो, पण तेव्हा वडलांची गाडी साठच्या वर पळत नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९४बी कलम आहे, चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा लहान मुलांच्या सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड. दंडाचं जाऊ द्या, ब्रेक लागल्यावर मांडीवरचं पोर हातात राहत नाही.

४. भूक आणि तहान

भुकेचं रडणं आणि कंटाळ्याचं रडणं ऐकायला सारखंच. शेवटचं कधी खाल्लं ते मोजा, दोन तास झाले असतील तर आधी खायला.

गाडीत खायला आपल्या कडक भाकरीसारखं काही नाही. सांडत नाही, चिकटत नाही, वितळत नाही, आणि एक तुकडा चघळायला थोरलीला पाकणी ते मोहोळ पुरतं, म्हणजे खाणं पण झालं आणि वेळ पण गेला. चुरा पडतो तो पडू द्या. केळं, राजगिरा लाडू, साधी पोळी चालते. चॉकलेट नको.

शेंगदाणे मात्र जपून. सोलापुरात राहून शेंगदाण्याला नाही म्हणणं जिवावर येतं पण चार-पाच वर्षांखालच्या पोराला चालत्या गाडीत अख्खे दाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका. घशात अडकलं तर तुम्ही हायवेवर ऐंशीच्या स्पीडला, पोर मागं बांधलेलं, पोचणार कोण? पाणी थोडं थोडं, दर अर्ध्या तासाला दोन घोट, एकदम बाटली तोंडाला लावली की परत चेक नंबर २.

५. हवा

एसी चालू आहे म्हणजे मागं गार आहे असं नाही. ड्रायव्हरला तोंडावर गार झोत, मागं पोराची मान घामानं चिंब, हे बऱ्याच गाड्यांत असतं. हात मागं घालून पोराच्या मानेला लावून बघा, पायाला नाही, मानेला. ओली असेल तर पुढच्या व्हेंटची तोंडं मधून मागं वळवा.

दुसरं, आतलीच हवा फिरवायचं बटन, ज्यावर गाडीत गोल बाण असतो. धुळीमुळे आपण ते दाबतो आणि विसरतो. पाच माणसं बंद गाडीत तासभर तीच हवा ओढली की डोकं जड होतं, पोरं चिडचिडी होतात आणि ड्रायव्हरला पेंग येते. दर वीस मिनिटांनी बाहेरची हवा घ्या.

तरी गार होत नसेल तर केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळतो तो. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागं असतो, कप्पा काढला की हाताने निघतो. माझा काढला तेव्हा त्यात अर्धी वाटी धूळ, कडुनिंबाची पानं आणि एक मेलेली पाल निघाली. चारेकशे रुपयाचा नवीन टाकला, मागची सीट गार झाली आणि त्या उन्हाळ्यात निम्मी किरकिर तिथंच संपली.

६. मळमळ

आता ते गप्प होणं. पोर बडबड करत होतं आणि एकदम शांत. जांभया देतंय, तोंडाचा रंग उतरलाय, थुंकी गिळतंय, कपाळावर गार घाम. ही झोप नाही, दहा मिनिटांत तुमच्या सीट कव्हरवर येणार आहे. पहिल्यांदा आम्ही म्हणलो "झोपलं बघ, हळू बोल", आणि नेमकं इंदापूरच्या अलीकडं त्यानं दही-भात, ऊसाचा रस, सगळं परत केलं. पुढचे तीन महिने पाऊस पडला की गाडीत तो वास यायचा.

होतं कशामुळे, तर कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते ती मेंदूला सांगते आपण हलतोय, आणि डोळे मोबाईलवर नाहीतर पुस्तकावर असतात ते सांगतात काही हलत नाहीये. दोघांच्या सांगण्यात मेळ बसत नाही म्हणून पोटात ढवळतं. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त. म्हणजे मोबाईल दिला म्हणून पोर शांत झालं हे खरं असतं, फक्त कशामुळे शांत झालं ते नंतर कळतं.

उपाय चढत्या क्रमाने. मोबाईल, चित्रं रंगवणं, पुस्तक ताबडतोब बंद. लांब बघायला लावा, पुढच्या काचेतून, "तो लांबचा टँकर दिसतो का, त्याला आपण कधी गाठणार". बाहेरची हवा. हळू चालवा, ओव्हरटेकची मस्ती बंद. सीट इतकं खोल असेल की पोराला पुढचं दिसतच नाही तर मधल्या जागी नीट बसतंय का बघा, तिथून पुढची काच दिसते, पण तिथं सीट पक्कं बसत असेल तरच. निघताना वडे-भजी आणि पोटभर दूध नको, रिकामं पोटही नको. आणि आईस्क्रीमचा रिकामा झाकणाचा डबा सीटखाली ठेवा, कॅरीबॅगपेक्षा लाखपट बरा, तोंड रुंद असतं आणि झाकण लागतं. लिंबू हुंगायला देतात, आमच्या आईचा त्यावर फार विश्वास, थोरलीला बरं वाटतं, बारक्यावर शून्य परिणाम.

उलटीची गोळी मेडिकलवाल्याला विचारून द्यायची नाही. मोठ्या माणसाची अर्धी करून तर अजिबात नाही. लहान मुलांच्या डॉक्टरकडून वजनाप्रमाणे लिहून आणायची.

७. आता कंटाळा

वरचं सगळं बघून झालं, मान कोरडी, पोट भरलेलं, शू झालेली, तोंडावर रंग आहे आणि तरी किरकिर, तर आता खरंच बोअर झालंय. यात सगळ्यात मोठी अडचण खेळण्यांची नाही, वेळेची आहे. "अजून तीन तास" हे साडेतीन वर्षांच्या पोराला काहीच सांगत नाही. म्हणून आम्ही तास बंद केले, टोल सुरू केले. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस. चार टोल म्हणजे पुणं. निघताना बारक्याची चार बोटं वर, प्रत्येक टोलला एक बोट मिटायचं. सरडेवाडीनंतर ते स्वतः सांगतं, "आता एकच बोट राहिलंय". "कधी पोचणार" हा प्रश्न आमच्या गाडीत जवळजवळ बंद झाला तो यामुळे, खेळण्यामुळे नाही.

आणि प्रत्येक टोलला एक पुडकं. पेपरात गुंडाळून वर सुतळी, गाठ मुद्दाम दोनदा मारलेली, कारण सोडवण्यातच दहा मिनिटं जातात. आत काय आहे याला फारसं महत्त्व नाही. रंगीत कागदी चिकटपट्टीचं रीळ (काचेवर चिकटवायची, सोलायची, परत चिकटवायची, अर्धा तास), जुनी कॅलेंडरची पानं फाडायला, चुंबकाची पाटी, स्वयंपाकघरातले एकात एक बसणारे स्टीलचे छोटे डबे. विकतची महागडी खेळणी दोन मिनिटांत सीटखाली जातात. लहान पोराला मणी, गोट्या, बटन-सेल असलेलं काहीच द्यायचं नाही.

थोरलीसाठी नंबरप्लेट. एमएच १३ आपली, एक मार्क. ४५ अकलूज, ४२ बारामती, २५ धाराशिव, तीन मार्क. केए २८ विजयपूर, केए ३२ कलबुर्गी, पाच. तेलंगणाची दिसली तर दहा. यातून तिला दोन आकडी बेरीज आली, शाळेतल्या बाईंना अजून माहीत नाही. पाटसच्या पुढं हा खेळ मरतो, सगळ्याच १२.

ऊसाचा सीझन असेल तर ट्रॅक्टर-ट्रॉल्या मोजायच्या. भीमानगरच्या पुलावर भीमा बघायची, उजनी धरण कुठल्या बाजूला ते ओळखायचं. भिगवणकडं उजनीचं पाणी दिसतं तिथं थंडीत पाहुणे पक्षी असतात, वेळ असेल तर कुंभारगावला वळून होडीतून रोहित (फ्लेमिंगो) पक्षी बघून या, पोरं पाटसचा टोल येईपर्यंत त्याच्यावरच बोलतात. कोडी पण चालतात. "इवलंसं कार्टं, घर कसं राखतं", "बत्तीस चिरे त्यात नागीण फिरे". तीच तीच घातली तरी बारकं दरवेळी नव्यानं ओरडतं, कुलूऽऽप.

मोबाईल आमच्याकडं भिगवणनंतर, शेवटचं हत्यार म्हणून. हातात नाही, पुढच्या सीटच्या मागं डोळ्याच्या उंचीला अडकवून, म्हणजे मान खाली जात नाही. त्यापेक्षा गोष्टी ऐकवा, डोळे बाहेर राहतात. नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, घरूनच डाउनलोड.

आणि दर दोन तासांनी दहा मिनिटं पळू द्या. मोठं आवार असलेला ढाबा नाहीतर पंप बघून. हायवेच्या कडेला नाही.

८. भांडण

मधे बॅग ठेवा, इतकी उंच की एकमेकांची तोंडं दिसणार नाहीत. तरी नाही जमलं तर एक मोठं माणूस मागं मधे. विषय संपला.

९. वेळ बदला, नाहीतर गाडीच बदला

पहाटे पाचला निघा. पोरं झोपेतच सीटमध्ये, टेंभुर्णीला उठतात, तिसरा हिस्सा रस्ता झालेला. रात्री अकराला निघणारे पण आहेत, पोरं झोपतात हे खरं, पण ड्रायव्हर पण माणूसच आहे, मी नाही करत. आणि तीन-चार ट्रिपांत काहीच लागू पडलं नाही तर सरळ हुतात्मा एक्स्प्रेस पकडा, नाहीतर २०२३ पासून वंदे भारत आहे. रेल्वेत पोर चालू शकतं, बाथरूम आहे, आणि खिडकीबाहेर बघायला बापाला पण वेळ मिळतो.

इथं थांबा, दुसऱ्याला बोलवा

गाडीत धुराचा, सायलेन्सरचा वास येतोय, पोरांची डोकी दुखतायत आणि सगळेच पेंगायला लागलेत, तर काचा उघडा, बाजूला थांबा, सगळ्यांना बाहेर काढा. ती गाडी गॅरेजला जाईपर्यंत पोरं तीत बसवायची नाहीत. हायवेवर अडकलात तर हायवेची हेल्पलाईन १०३३.

पोराच्या बाबतीत, उलटी हिरवी असेल किंवा तिच्यात रक्त असेल, गाडी थांबून तास होऊन गेला तरी उलट्या थांबत नसतील, सहा-आठ तास शूच झाली नसेल, ताप असेल, पोर हाक मारल्यावर नीट बघत नसेल, तर पुणं गाठायच्या नादाला लागू नका, जवळच्या दवाखान्यात, नाहीतर १०८. घरी असताना सुद्धा सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी होत असेल तर तो गाडीचा प्रॉब्लेम नाही, लगेच डॉक्टरला दाखवा.

आणि कान. मागच्या पावसाळ्यात बारकं लागोपाठ दोन ट्रिपा डावा हात कानावर घेऊन रडत होतं. ऊन नव्हतं, पोट भरलेलं, मान कोरडी. मी म्हणलं आता मात्र नक्की बोअर झालंय, पुडकी चाराची सात केली, त्यानं सातही भिरकावली. शेवटी बायको म्हणली, "अहो, ते सारखं कानालाच का हात लावायलंय?" सोमवारी डॉक्टरांनी आत बत्ती टाकून बघितलं, कानाचा पडदा सुजून लाल. औषधाचा कोर्स पुरा केला. पुढच्या ट्रिपला सरडेवाडी आली तरी दुसरं पुडकं तसंच सुतळीत होतं, ते खिडकीबाहेर बघून ट्रॅक्टर मोजत होतं, अकराच्या पुढं परत एक.